दर्यावरच्या माणसाला सांगायचं नाही

आज सकाळपासून खाली बंदरात होड्या वर ओढायचं काम चाललंय. पावसाळ्यातली मासेमारीबंदी जवळ आली की मिरकरवाड्यात एक वेगळाच आवाज सुरू होतो. ओंडक्यांवरून सरकणाऱ्या होडीच्या बुडाचा घसरा, दोरखंडाची करकर, आणि सगळ्यांनी मिळून एका दमात घातलेली हाळी. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेली असते. मीटिंगमध्ये पुण्यातलं कुणीतरी विचारतं, तुझ्याकडे कसला आवाज येतोय? होडी ओढतायत, मी सांगते. पलीकडे कुणीतरी हळहळतं की आमच्या खिडकीतून नुसतं पार्किंग दिसतं. हळहळू देत. ऊन कलल्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास इथल्या खिडकीतून आत येतो आणि कपड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत सोडत नाही, हे मात्र मी त्यांना सांगत नाही.

या घरातला माझा पहिला वैशाख मी या पडवीतून पाहिलाच नाही. तो पाहिला पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, टेबलाशी बसून, फोनच्या काचेतून. महामारीची दुसरी लाट होती. एसटी बंद, जिल्ह्यांच्या हद्दी बंद, पासशिवाय पाऊल टाकायची सोय नाही. लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. माझा नवरा मंगेश मालवाहू जहाजावर बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याचा करार केव्हाच संपला होता, पण त्या दिवसांत कुठलंच बंदर खलाशांना उतरू देत नव्हतं आणि बदली माणसाला चढू देत नव्हतं. त्यामुळे तो समुद्रातच. इथे मिरकरवाड्याच्या चढावरच्या या घरात सासूबाई एकट्या. तिघांचं कुटुंब तीन ठिकाणी आणि मधे फोन, असा आमचा संसार.

माझं काम सॉफ्टवेअर कंपनीत चुका काढण्याचं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, तो नको तसा वापरायचा, मुद्दाम भलतंच काहीतरी भरायचं आणि तो कुठे आडवा पडतो ते बघायचं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, तू ऑफिसात नक्की करतेस काय? मी सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. चुका काढायचं काम सासूचं असतं, ते तू आधीच घेऊन आलीस, मग मी करू काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला ही बाई तिथेच आवडली.

त्या मासळीच्या धंद्यातल्या. भल्या पहाटे जेटीवरच्या लिलावात उभं राहायचं, माल घ्यायचा, बर्फात घालायचा, बाजारात पाठवायचा. हात कायम गार आणि जीभ कायम गरम. मी मात्र सावर्ड्याची, घाटाकडच्या बाजूची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. पापलेट आणि सरंगा यांतला फरक मला लग्नानंतर कळला, आणि तो कळला हेही त्यांच्या मते अर्धसत्यच आहे.

सावर्डे म्हणजे महामार्गावरचं बाजाराचं गाव. तिथे कुणाला सकाळी ताप आला तर दुपारच्या आत सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मग एकजण काढा सांगतो, दुसरा डॉक्टर सांगतो, तिसरा नुसताच येऊन बसतो. दुखणं सांगितलं की अर्धं होतं, असं माझी आई म्हणते. मी ह्याच हवेत वाढले. म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत, मंगेश जहाजावर गेला असताना, बाबा अंगणात घसरून पडले आणि त्यांचा हात मोडला, तेव्हा मी ते त्याला फोनवर सरळ सांगून टाकलं. फोन ठेवला तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला, आणि मग समोर बसून म्हणाल्या, "दर्यावरच्या मान्साला घरचं वाईट सांगायचं नाय गो. तो काय पवत येनार हाय? नुसता तितं बसून झुरनार. आनि झुरनाऱ्याचा हात सटकतो."

मग त्यांनी सासऱ्यांची गोष्ट सांगितली. सासरे होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीचे प्रमुख. ते दर्यात असताना घरी त्यांची आई गेली. होडी परत आली तेव्हा बंदरातल्या एकाही माणसाने त्यांना काही सांगितलं नाही. मासळी उतरवून झाली, ते घरी आले, जेवले, आणि जेवणानंतर त्यांच्या थोरल्या भावाने सांगितलं. सगळा मिरकरवाडा तोवर गप्प राहिला होता. सासूबाईंना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. गप्प राहणं ही इथल्या लोकांची, दर्यावर गेलेल्या माणसाला धरून ठेवायची रीत होती. मला ती रीत तेव्हा भयंकर वाटली आणि थोडी सुंदरही वाटली.

त्या वैशाखाचं आठवतं ते असं तुकड्यातुकड्यांनी. पुण्यात बाहेर गुलमोहर फुललेला आणि रस्त्यावर फक्त ॲम्ब्युलन्सचा आवाज. फोनवर सतत कुणाचं तरी, कुठे बेड मिळेल का, कुठे ऑक्सिजन मिळेल का. आमच्या कंपनीतली केतकी नावाची मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, म्हणजे ऑफिस उघडं होतं तेव्हा. तिने एकदा रडवेल्या आवाजात फोन केला. आपण दिवसभर लोकांना कपडे विकायला मदत करणारे प्रोग्राम लिहितोय मानसी, असं म्हणाली. त्या आठवड्यात तिच्या आणि आणखी काही जणांच्या डोक्यातून एक साधी गोष्ट निघाली. घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णाने सकाळ-संध्याकाळ एका नंबरवर ऑक्सिजनचा आकडा आणि त्या यंत्राचा फोटो पाठवायचा. आकडा घसरला की प्रोग्राम लगेच एखाद्या डॉक्टरला कळवणार आणि डॉक्टर व्हिडिओवर बोलणार. कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी आहे तेही त्यातच दिसणार. कंपनीने सर्व्हर फुकट दिला, साहेबांनी वेळेकडे बघितलं नाही. हेच साहेब आम्हाला पाच मिनिटांच्या उशिरावरून बोलत असत, हे नमूद करायला हवं.

मी अर्थातच चुका काढल्या. आकड्याच्या जागी शिव्या लिहून पाहिल्या, आकड्यात मराठी अंक टाकून पाहिले, फोटोऐवजी मांजराचं चित्र पाठवून पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना टाइप करता येत नाही म्हणून मग फोन स्वतःच कॉल करून मराठीत विचारेल, अशीही सोय झाली. त्यासाठी आवाज केतकीच्या आजीचा घेतला, कारण तरुण मुलीच्या आवाजाला लोक जाहिरात समजून कट करत होते. आजीने विचारलं की माणसं मुकाट्याने आकडा सांगायची. रत्नागिरीतल्या काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनीही ही सोय घेतली. ते बोटाला लावायचं यंत्र घरोघर फिरू लागलं आणि आमच्या वाडीत त्याचं नाव पडलं, चिमटा.

आणि मग तो चिमटा सासूबाईंच्याच घरी आला.

तपासणीसाठी त्यांनी माझा नंबर दिलेला असल्यामुळे निकालाचा मेसेज माझ्या फोनवर आला, नाहीतर त्यांनी तो मलाही कळू दिला नसता. ताप थोडा, खोकला थोडा, घरीच राहा असं सांगितलेलं. मी फोन केला तर त्या म्हणाल्या की लिलावात एवढी वर्षं आरडाओरडा केला, घशाने आता सुट्टी मागितलीय इतकंच. त्यांची एकच अट होती. मंगेशला सांगायचं नाही. मी बरी झाले की मग खुशाल सांग. ताप खरोखरच थोडा होता, म्हणून मी कबूल झाले. माझीही एक अट होती. चिमट्याचा फोटो सकाळ-संध्याकाळ आमच्या नंबरवर पाठवायचा आणि मलाही पाठवायचा.

शेजारच्या शरीफाचाचीने त्यांना फोटो काढायला शिकवलं, कुंपणापलीकडे उभं राहून. चाचीच्या घरची होडी आहे, आणि सासूबाई तिच्याकडून माल घेतात. गेली कितीतरी वर्षं त्या दोघींचं मासळीच्या भावावरून रोज भांडण होतं आणि रोज संध्याकाळी एकत्र चहा होतो.

मग फोटो येऊ लागले. पडवीतल्या टेबलावर त्यांचा हात, बोटाला चिमटा. त्या बोटावर मासा साफ करताना झालेली एक जुनी जखम आहे, ती दिसायची. मागे उघडी खिडकी आणि खिडकीतून बंदर. नांगरलेल्या होड्या आणि त्यांत सगळ्यात पुढे चाचीची निळी होडी. मी आधी आकडा बघायचे आणि मग बराच वेळ ती खिडकी. वर्षभर ज्या घराची सून होते त्या घराचा उन्हाळा मला तेवढ्याच चौकटीतून कळत होता. सोबत त्या आवाज पाठवायच्या. त्यात कावळे, इंजिनांची धडधड, चाचीच्या कोंबड्या आणि मधेच त्यांचं बोलणं. जेवलीस का, पुण्यात उकडतंय का, मंगेशचा फोन आला का, त्याला काही बोलली नाहीस ना.

पुढे आवाज येणं थांबलं. घसा बसलाय, असं त्यांनी चाचीकरवी कळवलं. फोटो मात्र वेळच्या वेळी येत होते आणि आकडा चांगला होता, सत्त्याण्णव. प्रोग्राम खूश होता. मीही खूश होते. इकडे मंगेश फोन करायचा, जहाजावरच्या इंटरनेटच्या तुटपुंज्या मिनिटांत. आये कशी आहे? बरी आहे. मी खोटं बोलत नव्हते, मला मिळत होतं तेच पुढे देत होते.

त्याच सुमारास समुद्रात वादळ असल्याची सूचना आली. बंदरातल्या लोकांनी घाईघाईने होड्या वर घ्यायला सुरुवात केली. त्या दुपारी चाचीने मला एक व्हिडिओ पाठवला. तिची निळी होडी ओंडक्यांवरून वर सरकतेय, माणसं हाळी देतायत, आणि शेवटी होडी आमच्याच घराच्या चढाखाली येऊन टेकली. घे, आमचा मोसम संपला, असं तिने खाली लिहिलं होतं. मला गंमत वाटली. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला, सावर्ड्याच्या माणसाने असं काही पाहिलेलं नसतं.

थोड्या वेळाने सासूबाईंचा संध्याकाळचा फोटो आला. हात, चिमटा, सत्त्याण्णव. आणि मागे खिडकीत, निळी होडी पाण्यात.

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. मग मागचे सगळे फोटो काढून पाहिले. बोट तेच, ऊन तेच, खिडकीच्या कडेला बसलेला कावळासुद्धा तोच. आकडा चांगला असतानाचा एक फोटो जपून ठेवून त्या तोच सगळीकडे पाठवत होत्या, प्रोग्रामलाही आणि मलाही. त्यांचा हिशेब मला लगेच कळला. आकडा खाली आला असता तर मी गप्प बसले नसते, मी सावर्ड्याची, माझ्या पोटात काही राहत नाही. मी मंगेशला सांगितलं असतं. म्हणून माझ्यापर्यंतच काही येऊ द्यायचं नाही. सगळ्या मिरकरवाड्याने सासऱ्यांसाठी जे केलं होतं, ते ही बाई एकटीने, अंथरुणावर पडून, फोनवरून करत होती. 

फोन केला तर उचलला नाही. पुन्हा केला तर उचलला. मी बरी आहे, एवढं सांगायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. मी चाचीला फोन लावला. चाची तोंडाला पदर बांधून आमच्या पडवीच्या खिडकीशी गेली, तिने बाहेरूनच कॅमेरा धरला आणि सासूबाईंना दम भरला की माझ्यासमोर चिमटा लाव, नाहीतर दार फोडून आत येते. त्यांनी लावला. आकडा अठ्ठ्याऐंशी होता.

तोच आकडा मी आमच्या नंबरवर टाकला आणि पाणी पिऊन होईतो डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला. ते दापोलीचे. स्वतःच बाधित होऊन घराच्या माडीवर बंद होते आणि तिथून जिल्हाभरच्या लोकांना तपासत होते. मागे खुंटीला टॉवेल लटकलेला, अंगात बनियन, वरून स्टेथोस्कोप. तो फोनमधून काही कामाचा नव्हता, पण तो गळ्यात दिसला की लोक ऐकतात असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सासूबाईंना ते अगदी शांतपणे म्हणाले की खाट मिळेपर्यंत पालथं झोपा, छातीला बरं पडतं.

"पालथी झोपू?" सासूबाई म्हणाल्या. मग श्वास घ्यायला थांबल्या. "मी काय... सुकत घातलेला... बोंबील हाय?"

डॉक्टर हसले. चाची खिडकीबाहेर हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. सासूबाई पालथ्या झाल्या. मी पुण्यात बसून काचेत पाहत होते आणि माझा हात त्यांच्या पाठीपर्यंत पोचत नव्हता. तंत्रज्ञानाने जग जवळ आलं वगैरे आपण म्हणतो, ते त्या क्षणी मला खरं वाटलं नाही. पण हेही खरं की त्या काचेशिवाय मला ती पाठ दिसलीसुद्धा नसती.

खाटांच्या पानावर सगळीकडे लाल दिसत होतं. केतकी एकीकडे ते पान बघत होती आणि दुसरीकडे फोन लावत होती. गावातल्याच एका रुग्णालयात एक खाट हिरवी झाली आणि ती तिने धरून ठेवली. ॲम्ब्युलन्स चढावर येऊ शकत नाही, म्हणून चाचीच्या होडीवरच्या माणसांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली नेलं. मगाशी होडी वर ओढली त्याच हातांनी. ॲम्ब्युलन्समध्ये बसायच्या आधी त्यांनी चाचीच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. मंगेशला कळता नये, म्हणाल्या. मी म्हटलं, आई, आधी आत बसा.

त्या बसल्या. वारा वाढत होता. मग वादळ आलं, वीज गेली, झाडं पडली, आणि माझा पास मंजूर झाला तेव्हा घाटरस्ता बंद होता. रत्नागिरीचा फोन मात्र चालू राहिला. तिथल्या टॉवरला डिझेल घालत भिजत बसलेली माणसं होती, हे मला खूप नंतर कळलं. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्या दिवसांत आपण ज्यांच्या जिवावर बोलत होतो ते बहुतेक सगळे असे बिननावाचेच होते.

आमच्या प्रोग्राममध्ये त्याच आठवड्यात एक बदल झाला. आजारी माणसाचा आकडा थोडा तरी हलतो. सकाळी शहाण्णव, संध्याकाळी पंच्याण्णव, दुसऱ्या दिवशी पुन्हा शहाण्णव. जो आकडा खिळ्यासारखा एकाच जागी उभा आहे तिथे यंत्राने खूश न होता माणसाला सांगावं आणि माणसाने फोन करून विचारावं, असं ठरलं. केतकी म्हणाली, तुझ्या सासूबाईंनी एकट्यांनी आमच्या सगळ्या टीमपेक्षा मोठी चूक काढली. मग त्या खिळ्यासारख्या आकड्यांना फोन जाऊ लागले आणि कळलं की कितीतरी घरांत हेच चाललं होतं. कुणी मुलाला परदेशात काळजी नको म्हणून, कुणी सुनेचे दिवस भरत आले म्हणून, कुणी मुंबईतल्या नवऱ्याची नोकरी जाईल म्हणून. आपली माणसं खोटं बोलतात ती बहुतेक वेळा मायेपोटी, आणि हे कुठल्याच प्रोग्रामला आधी सुचलेलं नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

मंगेशला सांगायचं की नाही, ह्याचा विचार मी सबंध एक सकाळ केला. त्यांनी मनाई केली होती. माझी आई फोनवर म्हणत होती, सांग गो, पोटचा मुलगा आहे. मला दोघींचंही पटत होतं. शेवटी मी एवढाच विचार केला की त्या आता एकट्या पडल्यात. घरात चाची खिडकीशी होती, रुग्णालयात आपलं कुणीच नव्हतं. आपल्यापैकी एकाचा तरी चेहरा त्यांना दिसला पाहिजे, आणि त्यांना हवा असलेला चेहरा माझा नव्हता. मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, फोटोचंही. त्याच्या मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग त्याने एकच विचारलं, "मला कळलंय, हे तिला कळलं का?"

आज हे लिहिताना खाली सासूबाईंचा आवाज ऐकू येतोय. होय, त्याच. बर्फवाल्याने बर्फ कमी दिला म्हणून त्याची कुळं काढणं चाललंय आणि शरीफाचाची त्यात भर घालतेय. चढ चढताना त्यांना मधे एकदा थांबावं लागतं, तेवढीच त्या वैशाखाची खूण राहिली आहे. मी आता इथेच राहते आणि इथूनच नोकरी करते. फोनने घर मोडलं, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही. त्यांचंही खरं असेल. आमच्याच घरात जेवताना फोन बघितला तर सासूबाई ताट काढून घेतात. मंगेश पुन्हा जहाजावर आहे. त्याचा फोन आला की त्या त्याला आपल्या गुडघ्याचं सगळं सविस्तर सांगतात, इतकं की तोच कधीकधी कंटाळतो.

एवढं बदललं ते एका दुपारी, आणि त्या दुपारी मी हजर होते, फोनवरच्या एका छोट्या चौकोनात.

त्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते. कुठल्याशा कंपनीने तिथे काही टॅब दिले होते आणि सिस्टर ते खाटेखाटेशी फिरवायची. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, त्यातून तिचे फक्त डोळे दिसायचे. तिने टॅब सासूबाईंसमोर धरला. एका चौकोनात मी, दुसऱ्यात मंगेश, डेकवर कुठेतरी आडोशाला उभा, मागे नुसतं पाणी. सासूबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी मंगेशला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

सिस्टर दुसऱ्या बाजूला गेली. त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं. मग मास्क हाताने वर उचलून म्हणाल्या, मी बरी हाय, तू कामाला जा. सिस्टरने मास्क परत नीट बसवला. मला वाटलं, मी ही फार मोठी गोष्ट मोडली आणि आता ती परत जुळणार नाही.

मंगेश म्हणाला, "आये, हिकडं बग. दर्यावरच्याला सांगू नये, ता जमिनीवरच्या मान्सानं. तू आता जमिनीवर हायस काय? मी पन दर्यात मधेच, तू पन मधेच. मग आपन दोगांनी एकमेकांना सांगायला काय हरकत हाय?"

त्या हलल्या नाहीत. वाऱ्याने त्याच्या बाजूला फडफड होत होती. मी माझा कॅमेरा बंद केला, त्या दोघांच्या मधे मी नको म्हणून, पण फोन ठेवायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूहळू मान वळवली. लिलावात भल्याभल्यांना गप्प करणारी ती बाई, मास्कच्या आतून काय बोलली ते ऐकायला सिस्टरलासुद्धा वाकावं लागलं.

"मंग्या, मना भ्या वाटतंय रे."

"मना पन, आये," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासनं वाटतंय."

 त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि तो त्यांच्याकडे. सिस्टरला पुढच्या खाटांवर जायचं होतं. तिने टॅब पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा ठेवला आणि फोन न तोडताच ती पुढे गेली.